स्ट्रिंगर बेलचं झेरॉक्सचं दुकान

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज दोन मुली ब्लॅक बुक, म्हणजे कॉलेजच्या प्रोजेक्टचं बांधलेलं पुस्तक, न्यायला आल्या. चारला देतो म्हणालो होतो. सहा वाजले तरी त्यांच्या बाइंडिंगला हात लागला नव्हता. दुकानातला पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "उद्या या." उद्या त्यांची तोंडी परीक्षा. काही न बोलता पानं उचलून त्या समोरच्या दुकानात गेल्या.

मला आठवला स्ट्रिंगर बेल. 'द वायर' या मालिकेतला, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातल्या ड्रग्जच्या टोळीत म्होरक्याच्या खालोखालचा माणूस. कम्युनिटी कॉलेजात अर्थशास्त्र शिकतो आणि दाखवायला म्हणून त्याचं एक छपाई-झेरॉक्सचं दुकान आहे. माझ्यासारखंच! तिथे गिऱ्हाइकाची ऑर्डर वेळेवर झालेली नसते, तेव्हा तो आपल्या माणसांना झापतो: आपला माल लवचीक आहे, लोकांना दुसरीकडे छापून मिळतं, तर ते दुसरीकडे जाणार. ड्रग्ज विकतो त्या नाक्यावरचे धंदे इथे आणू नका. नाक्यावर गिऱ्हाईक रांग लावून उभं असतं, त्याला उद्या ये म्हटलं तर तो उद्या येतो. बारावीला मी मागणीची लवचिकता घोकली होती ती मिठाच्या उदाहरणासकट. कळली मात्र या माणसाकडून.

व्हॉट्सअॅपवर डॉन लोकांकडून धंदा शिका असले मेसेज रोज येतात. त्यात बहुतेक 'गॉडफादर' सिनेमातला डॉन, व्हिटो कॉर्लिओने असतो. डॉनच्या मुलीच्या लग्नात बोनासेरा नावाचा माणूस न्याय मागायला येतो, डॉन काम करून देतो, पैसे घेत नाही. कधीतरी तुझ्याकडे काम सांगेन, एवढंच. मेसेजवाले याला 'संबंध जपणे' म्हणतात. मी पण जपले. गेल्या वर्षी एका ओळखीच्या माणसाच्या घरच्या लग्नाच्या पत्रिका उधारीवर छापून दिल्या, ३,४०० रुपये. परवा तो रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने गेला. बोनासेराला फुटपाथ बदलायची सोय नव्हती, कारण डॉनच्या उधारीच्या वहीमागे बंदूक होती. माझ्या वहीमागे लॅमिनेशनचं मशिन आहे.

स्ट्रिंगरचंही तसंच, मागे बंदूक होती तोवर चाललं. टोळीच्या बैठका तो नियमाने चालवायला लागला, बोलायचं असेल तर हात वर करा वगैरे. एक पोरगा इमानेइतबारे टिपणं लिहायला बसला, तर हाच ओरडला की गुन्ह्याच्या कटाची टिपणं काढतोस का! (हा प्रसंग मी चारदा पाहिलाय.) पण मग तो सभ्य लोकांच्या धंद्यात उतरला, इमारती बांधायला. सरकारी अनुदान मिळवून देतो म्हणून क्ले डेव्हिस या सिनेटरने त्याचे पैसे खाल्ले. इतकी वर्षं गिऱ्हाइकाला गंडवणारा हा माणूस चक्क फसला. मग काय, सिनेटरला उडवा म्हणाला. त्याचीच माणसं कचरली, असं करता येत नाही म्हणाली. अर्थशास्त्र शिकूनही अडलं की हात जुन्या हत्याराकडेच गेला. शेवटी स्वतःच्याच अर्धवट बांधलेल्या इमारतीत मारला गेला.

म्हणून मला त्याचा फक्त तो दुकानातला प्रसंग खरा वाटतो. बाकी सगळीकडे त्याच्या हुशारीला धाकाचा टेकू होता. झेरॉक्सच्या काउंटरवर तो तेवढा माझ्याएवढाच होता, गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

पोराला मी काही बोललो नाही. काय बोलणार, चारची वेळ मीच दिली होती, आणि दुपारी टोनर आणायला म्हणून गेलो तो चहाच्या टपरीवर तासभर बसलो.

साडेनऊला शटर ओढत होतो. समोरच्या दुकानात अजून दिवे होते. त्या दोघी पायरीवर बसून वडापाव खात होत्या आणि आत त्यांचं पुस्तक प्रेसमध्ये दाबून ठेवलं होतं. मालकाने मला हात केला. मीही केला.