तुम्ही विचारलंत म्हणून: टायमिंग कधी येणार?

"सर, पोरगा फास्ट आहे पण शटलवर उशिरा पोहोचतो, टायमिंग कधी येणार?" माझ्या बॅडमिंटनच्या कोचिंगला दर आठवड्याला कुणी ना कुणी पालक विचारतात आणि मी "येईल हळूहळू" म्हणून वेळ मारून नेतो. आज सांगतो.

पाय स्लो नसतात हो. समोरच्यानं शटल मारलं की त्याच सुमाराला आपली छोटी उडी, स्प्लिट स्टेप, जमिनीला टेकायला हवी. आधी टेकली तर पाय रुतल्यासारखे होतात, उशीर झाला तर आपण हवेत आणि शटल गेलेलं. नुसतं बघून हलायला सुरुवात करायलाच साधारण 200 मिलिसेकंद जातात, म्हणून मुरलेले खेळाडू समोरच्याचा हात आधीच वाचतात, म्हणजे हातावरून शटल कुठे येणार ते ओळखतात, नवखी मुलं फक्त रॅकेट बघत बसतात.

हे वाचणं ओरडून शिकवता येत नाही. मी वर्षभर ओरडलो.

13 वर्षांची मुलगी होती. तिच्या प्रत्येक शॉटआधी मी "हॉप!" म्हणायचो आणि ती इतकी अचूक उडी घ्यायची की मी बाकीच्यांना तिचं फुटवर्क दाखवायचो. मग मॅच आली. रॅली चालू असताना कोचला बोलता येत नाही. पहिल्या गेममध्ये साध्या ड्रॉपला, म्हणजे नेटजवळ हळूच टाकलेल्या शटलला, ती जागेवरच उभी, दुसऱ्यात तर सर्व्हिस झाली की तिची नजर क्षणभर माझ्याकडे वळायची. 21-6, 21-4. नंतर बुटांची लेस सोडताना वर न बघता म्हणाली, "सर, तुम्ही हॉप म्हणालाच नाहीत." आणि मी काय म्हणालो? "लक्ष कुठे होतं तुझं?" दोन महिन्यांनी तिनं येणं बंद केलं.

त्या वर्षी तिची उंची भराभर वाढली होती, त्या वयात बसलेला अंदाजही काही काळ विस्कटतो, हे खरंच आहे. पण मी ते कारण स्वतःला जरा जास्तच वेळा सांगितलंय.

आता सरावात हातानं शटल टाकत नाही, समोर खरा मारणारा उभा करतो, म्हणजे मुलांना वाचायला काहीतरी मिळतं. पण तेव्हाचा मी अजून भांडतो, की ओरडल्याशिवाय लहान मुलांना लय पकडता येईल का? त्याचंही अगदीच चूक नाही. काल एका 8 वर्षांच्या मुलासाठी परत तीनदा "हॉप" म्हणालो. चौथ्या वेळी मुद्दाम गप्प राहिलो तर त्यानं उडी घेतली, जरा उशिरा, पण स्वतःहून. पाचव्या वेळी मात्र त्यानं माझ्याकडे बघितलं.