पंचगंगा घाट, फेब्रुवारीची नोंद : पक्ष्यांशेजारी पाणीही लिहा

या महिन्याची नोंद कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरी टेकडीच्या पायथ्यापासून शिवाजी पुलापर्यंतच्या काठाची आहे. सरळ चाललं तर हे अंतर काहीच नाही. पण मी घाटाच्या एकेका टप्प्यावर बसत, समाध्यांच्या मागून वळसा घेत जातो, त्यामुळे उजाडल्यापासून ऊन चटका द्यायला लागेपर्यंतची सगळी वेळ त्यातच जाते. घाटावर पोहणारे, कपडे धुणारे, संगमेश्वराला पाणी घालायला आलेले, सगळे असतात. पक्ष्यांना त्यांची सवय आहे. बिचकतात ते झपझप चालणाऱ्याला. बसून राहिलेल्या माणसाच्या अगदी जवळ धोबी पक्षी येतो, हे इथं रोज बघायला मिळतं.

आधी यंदाची मुख्य गोष्ट. दिवाळीनंतर मी वहीत एक रकाना वाढवला, पाण्याचा. घाटाच्या ठरलेल्या टप्प्याखाली किती पायऱ्या उघड्या आहेत ते मोजायचं आणि मगच पहिला पक्षी लिहायचा. हे सुचलं म्हशी धुवायला येणाऱ्या एका मामांमुळं. तुतारी हा काठावरचा छोटा पक्षी दिसेना म्हणून मी काठ धुंडाळत होतो. काय शोधताय म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितल्यावर म्हणाले, "बरगं घातल्यात न्हवं खाली. आता चिखल कुठला घावतोय त्येला?"

एका वाक्यात सगळं आलं. खाली कसबा बावड्याला राजाराम बंधारा आहे, कोल्हापूर पद्धतीचा. पावसाळा सरला की त्याच्या खांबांमध्ये बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या आडव्या फळ्या, घालतात आणि पाणी वर घाटापर्यंत तुंबतं. पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढतात. मधल्या काळात शेतीचा उपसा वाढला की पातळी उतरते, राधानगरी धरणातून भोगावती नदीत पाणी सोडलं की पुन्हा चढते. काठाची चिखलाची अरुंद पट्टी उघडी पडते ती या चढउतारात, आणि तुतारी, टिटवी, धोबी यांचं पोट त्या पट्टीवर. रकाना भरायला लागल्यापासून नोंदी एकमेकींशी जुळायला लागल्या. पायऱ्या जास्त उघड्या असल्या की तुतारी हमखास दिसते, मागचा भाग सतत खालीवर हलवत काठानं पळणारी. पाणी चढलं की ती दिसत नाही आणि तिच्या जागी दगडावर छोटा पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो.

धोब्यांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण घाटावर नव्यानं येणाऱ्यांची इथंच गल्लत होते. कवडा धोबी बारमाही आपला. डोकं आणि पाठ काळी, डोळ्यावर ठसठशीत पांढरी भुवई. पांढरा धोबी हिवाळी पाहुणा, त्याचा चेहराच पांढरा आणि पाठ राखाडी. करडा धोबी बघायचा तर शेपटीच्या मुळाशी पिवळा रंग शोधा. शेपूटही बाकीच्यांपेक्षा लांब. हा हिमालयाकडून येतो आणि त्याला वाहतं पाणी, ओले दगड लागतात. यंदा तो मला दिसला तो पातळी उतरल्यावर, दगडांवरून पाणी खळाळत होतं तिथंच. पिवळा धोबी म्हशींच्या पायांत. म्हैस चालली की किडे उडतात, आणि गाय बगळ्याचंही गणित तेच. गाय बगळ्याची चोच पिवळी. छोट्या बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळे. उथळ पाण्यात तो एक पाय थरथरवून मासळी हुसकावतो. हे दृश्य कितीही वेळ बघा, कंटाळा येत नाही.

ब्रह्मपुरीच्या उंचवट्यावरून नदीचं वळण चांगलं दिसतं, म्हणून बंड्यासाठी मी तिथं थांबतो. हा काळापांढरा धीवर, हवेत एका जागी फडफडत राहून सूर मारणारा. छातीवर दोन पट्टे असले तर नर, एकच आणि मध्ये तुटलेला असला तर मादी. थांबताना पायाखालची जागाही आठवते. १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या संकलिया आणि दीक्षित यांनी या टेकडीवर उत्खनन केलं आणि सातवाहन काळातली वस्ती उजेडात आली. इथंच सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ब्राँझची लहान मूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. पक्षी बघायला बाहेरगावाहून येणाऱ्यांनी दुपारी ती जरूर बघावी.

शिवाजी पुलाच्या दगडी कमानींखाली तारवाली भिंगरी आहे. तांबूस टोपी, खालचं सगळं अंग शुभ्र आणि शेपटीच्या दोन तारा. तारा उडताना नेहमी दिसतात असं नाही, म्हणून गळा बघा. माळभिंगरीचा गळा तांबडा आणि त्याखाली काळसर पट्टा असतो, हिचा गळा स्वच्छ पांढरा. ती काठावरचा ओला चिखल चोचीत घेऊन वर जाताना दिसली. म्हणजे चिखलाची पट्टी तिच्या घरट्यालाही लागते. हा दुवा मला या महिन्याची सगळ्यात मोठी कमाई वाटते.

केंदाळाबद्दल, म्हणजे जलपर्णीबद्दल, मन दोन्हीकडं ओढतं. त्यावर वंचक हा बगळा बसतो, पंख मिटले की दिसेनासा होतो आणि उडाला की एकदम पांढरा. पण केंदाळ माजतं ते नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर. ते पसरलं की बंड्याला सूर मारायला उघडं पाणीच उरत नाही. केंदाळानं किती पात्र झाकलंय तेही मी आता अंदाजानं लिहितो : पाव, अर्धं, पाऊण.

फेरी संपली की गंगावेशीत धारोष्ण दूध. वही तिथंच पुरी करतो, घरी गेलं की राहून जातं.

पुढचं काम असं. मार्चअखेर पाहुणे धोबी परतायला लागतील, तेव्हा कोणता धोबी शेवटी कधी दिसला ते पायऱ्यांसकट लिहायचं. पावसाळ्यात घाटच पाण्याखाली जातो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं. त्या दिवसांत काठाकडं फिरकायचं नाही, रोजचा आकडा तेवढा वहीत उतरवायचा. पूर ओसरल्यावर गाळाच्या थरावर आधी कोण उतरतं, हे यंदा मला नीट टिपायचंय.

पंचगंगेवर राजारामच्या खाली सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ असे बंधारे आहेत. त्या बाजूला कुणी नियमित फिरत असेल तर आपल्या बंधाऱ्याचे बरगे कधी घातले, कधी काढले आणि त्या आठवड्यात तुतारी दिसली की नाही, एवढं जरी लिहून ठेवलं तरी पावसाळ्याआधी आपण सगळ्या वह्या शेजारी ठेवून बघू.