तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी खाली घेतली, आता टायर कुठला टाकू?

प्रश्न नेहमी एकाच वाक्यात येतो. "गाडी ३५ मिमी खाली घेतली आहे, टायर कुठला टाकू?" म्हणजे छोट्या स्प्रिंग टाकून गाडीची उंची ३५ मिमी कमी केलेली. सोबत बाजूने काढलेला एक फोटो. गाडीचं मॉडेल सांगितलेलं असतं, स्प्रिंग कुठल्या ते सांगितलेलं असतं. रिमची रुंदी, ऑफसेट (रिमची हबला टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे तो आकडा; तो जितका लहान तितकी रिम गाडीबाहेर येते), बंप स्टॉप (चाकाची वरची चाल अडवणारे रबरी ठोकळे) कापलेत की नाही, यातलं काहीच नसतं. मी ते विचारायला लागलो की समोरच्याला वाटतं, हा टाळतोय. टाळत नाही. माझं उत्तर एका ओळीचं आहे आणि ते ऐकून बहुतेक जण नाराज होतात: गाडीला मुळात जी साइझ आली तीच टाका, किंवा निदान तेवढ्याच व्यासाची.

"पण गाडी खाली घेतलीय ना!" हो, घेतलीय. म्हणूनच सांगतो, नीट ऐका. चाक आर्चमध्ये, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या कमानीत, जास्तीत जास्त किती वर जाणार हे गाडी उभी असताना किती खाली बसते त्यावर ठरत नाही. ते बंप स्टॉप ठरवतो. छोट्या स्प्रिंगमुळे चाक त्या शेवटच्या जागेपासून ३५ मिमी जवळ येऊन उभं राहतं, त्यामुळे तिथे पुन्हापुन्हा पोचतं. पलीकडे मात्र जात नाही. आणि त्या शेवटच्या जागी मूळ टायर मावतो याची खात्री गाडी बनवणाऱ्यांनी आधीच केलेली असते. तेव्हा टायर घासायला लागला तर आधी स्प्रिंगला दोष देऊ नका. रिम बाहेर आली आहे का, टायर मोठा झालाय का, बंप स्टॉप छाटलेत का, ते पाहा. स्प्रिंगच्या कितीतरी सेटबरोबर बंप स्टॉप छाटायची सूचना येते. ती पाळली की चाकाला पूर्वी कधीच मिळाली नव्हती एवढी वरची जागा मोकळी होते, आणि तिथे टायर मावेल की नाही हे कुणी तपासलेलं नसतं.

हे मला कसं कळलं तेही विचारता, तर सांगतो.

माझीही गाडी खाली घेतलेली. तिला मुळात १७५/६५ आर१४ होते (रुंदी १७५ मिमी, साइडवॉल म्हणजे टायरच्या बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के, रिम १४ इंची), साडेपाच इंच रुंद रिम, ईटी ४५, म्हणजे ऑफसेट ४५ मिमी. त्या जागी १९५/५० आर१५ आले, सात इंची रिमवर, ईटी ३५. ही निवड डोळे मिटून केलेली नव्हती. व्यास ५८३ वरून ५७६ मिमी, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास घट. लोड इंडेक्स ८२, प्रत्येक टायरला ४७५ किलो, मूळ टायरइतकाच. सात इंची रिम त्या टायरला चालते. बसवणाऱ्याने स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फुल लॉक, म्हणजे टोकापर्यंत, फिरवून दाखवलं, मागच्या आर्चमध्ये बोटं घालून दाखवली. कुठेच लागत नव्हतं. एकटा असताना किंवा दोघं असताना गाडी सुरेख चालत होती, आणि ते टायर चुकीचे होते असं तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी हेच सगळे आकडे त्याच्यापुढे ठेवले असते.

मग एकदा दादा शेजारी, मागे वहिनी आणि दोन्ही मुलं, डिकी गच्च. एका पुलाच्या तोंडाशी रस्ता आधी खाली जाऊन मग चढत होता. त्या खोलगट जागी गाडी बसली आणि मागून पत्र्यावर करवत चालवल्यासारखा आवाज आला. मी वेग कमी केला. पुढच्या उंचवट्यानंतर पुन्हा तोच आवाज, या वेळी लांबलेला, आणि आत रबराचा वास. थांबून पाहिलं तर उजव्या मागच्या टायरच्या खांद्यावर गोल फिरत गेलेली खाच. आर्चची आत वळवलेली पत्र्याची कड नेमकी तिथे बसत होती. डावीकडेही सुरुवात झाली होती. खाचेत नख फिरवलं. धागे उघडे पडले नव्हते, पण आत किती रबर शिल्लक आहे ते बाहेरून कुणालाच सांगता येत नाही. मी सगळ्यांना उतरायला सांगितलं, सामान काढलं. दादाने दुसरी गाडी बोलावली. ती येईपर्यंत सगळे कडेला उभे होते. धाकट्याने विचारलं, "काका, आम्ही जड आहोत का?"

मुलं जड नव्हती. गाडी पाच जणांची आहे आणि लोड इंडेक्सनुसार टायरही ते वजन पेलणारे होते. कमी पडली ती जागा. घरी येऊन हिशेब केला: रिम दीड इंच रुंद, त्यातला अर्धा भाग बाहेर, म्हणजे १९ मिमी, त्यात ऑफसेटचे १० मिमी. रिमची कड २९ मिमी बाहेर आलेली, टायरचा गाल (साइडवॉल) साधारण २५ मिमी. टायर निवडताना मी पाहिलेल्या व्यासाच्या तक्त्यात हा आकडा कुठेच येत नाही. तक्ता बरोबरच होता, त्याने उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलं होतं. आणि स्प्रिंगबरोबर आलेल्या सूचनेप्रमाणे मागचे बंप स्टॉप अर्धे छाटलेले होते.

त्यानंतर गाडी स्टँडवर घेऊन मागच्या दोन्ही स्प्रिंग काढल्या आणि जॅकने चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर नेलं. आधी दोन्ही चाकं एकत्र, मग एकेक, कारण मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी, पिळली जाणारी तुळई) असेल तर एकच चाक वर गेल्यावर ते तिरकं होतं. जागा मोजायची ती इथे. पुढच्या चाकांना हेच करून त्याच उंचीवर स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. पुढच्या चाकांचं काम वर्कशॉपमध्येच करून घ्या, दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. मी सगळीकडे सात-आठ मिमी तरी सोडतो, वळणावर टायर स्वतःच बाजूला झुकतो म्हणून. स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर असलेला पुढचा खांब) आणि टायर यांच्यामधली आतली फट मात्र गाडी उभी असताना मोजली तरी चालते. स्ट्रटचा खालचा भाग हब धरणाऱ्या नकललाच जोडलेला असतो, तो आणि चाक एकत्र वरखाली होतात.

"मग छोटा टायर टाकतो" हा पुढचा प्रश्न. १९५/४५ आर१५ घ्या. व्यास ५५६ मिमीच्या जरा वर, जवळजवळ साडेचार टक्के कमी. अख्खी गाडी, सस्पेन्शनच्या खालच्या आर्मसकट, १३ मिमी जमिनीकडे जाते आणि आर्चमधली फट तेवढीच वाढते. ती फट मिटवण्यासाठीच तर गाडी खाली घेतली होती! स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा तुम्ही ९५च्या आसपास असाल. त्या साइझला लोड इंडेक्स बहुधा ७८ मिळतो, म्हणजे ४२५ किलो.

साइडवॉलबद्दल मी जरा आग्रही आहे हे मान्य. १७५/६५ला ११४ मिमी साइडवॉल असते, १९५/५०ला ९७.५, आणि १९५/४५ आर१६ला ८८. स्प्रिंगची चाल आधीच कमी केलीत, आता खड्ड्याचा पहिला दणका सोसणारं रबरही कमी करणार? रिम वाकल्यावर मला विचारू नका.

सध्या माझ्या गाडीवर १८५/५५ आर१५ आहेत, सहा इंची रिम, ईटी ४५, मागचे बंप स्टॉप पुन्हा पूर्ण उंचीचे. व्यास ५८४.५ मिमी, रिम दोन्ही बाजूंना सहा-सहा मिमी सरकलेली. पाच जण बसवून त्या पुलावरून गेलो आहे. हे माझ्या गाडीचं उत्तर आहे, तुमच्या गाडीचं तुम्हालाच मोजावं लागेल.

आणि तरी तेव्हाचा मी गप्प बसत नाही. तो म्हणतो, १९५ वर गाडी वळणात ज्या तत्परतेने शिरायची ती आता राहिली नाही. खरं आहे, राहिली नाही. तो म्हणतो, मागच्या आर्चची कड आत रोल करून, म्हणजे दाबून आत दुमडून, घे, सहा इंची रिम आणि ऑफसेट तसाच ठेव, १९५ नक्की मावतील. कदाचित मावतीलही. कड रोल करताना रंगाला चीर जाऊ शकते आणि तिथून गंज धरतो, म्हणून मी थांबलोय. पण आकडे पुन्हा मांडून पाहिलेत. ते मावतात.