आयरिश इंजिन, चिनी जन्म, इंग्लंडचे पार्सल: माझा अनुभव

डब्लिनच्या उत्तरेकडील उपनगरात राहायला आल्यापासून सकाळी फलाटावर उभे असताना अधूनमधून एक मालगाडी समोरून जाताना दिसायची. नॅव्हनजवळच्या टारा खाणीतून जस्त आणि शिशाच्या खनिजाची भुकटी घेऊन ती द्रोहेडामार्गे डब्लिन बंदराकडे निघालेली असे. मागे एकसारख्या वाघिणींची रांग आणि पुढे ०७१ वर्गाचे करड्या रंगाचे एकच डिझेल इंजिन. जनरल मोटर्सने अमेरिकेतील इलिनॉय राज्यात बांधलेली अशी १८ इंजिने १९७६ साली आयर्लंडमध्ये आली. सुरुवातीला त्यांना जलद प्रवासी गाड्यांचा मान होता, पण १९९४-९५मध्ये अधिक ताकदीची २०१ वर्गाची इंजिने आल्यावर ती हळूहळू मालगाड्यांकडे वळली. मानाच्या जागेवरून बाजूला सारलेला, पण कामाला अजून खणखणीत असलेला माणूस मला नेहमीच आवडतो, आणि बहुधा त्यामुळेच हे इंजिन लहान आकारात आपल्या घरी असावे, असे मला वाटू लागले.

२०२२ साली इंग्लंडमधील एका वयस्कर संग्राहकाकडे करड्या रंगातले वापरलेले मॉडेल मिळाले. किंमत १४० पौंड आणि टपालखर्च १५ पौंड. छायाचित्रे पाहिली, रुळावर चालतानाची चित्रफीत मागवली, पैसे पाठवले. येथपर्यंत सगळे दोन दिवसांत झाले आणि त्याबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

पार्सल डब्लिनला पोहोचल्याचा संदेशही पाचव्या दिवशी आला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून तिकडून येणाऱ्या वस्तूंवर आयर्लंडचा २३ टक्के व्हॅट भरावा लागतो, हे मला ठाऊक होते. तो वस्तूच्या किमतीवर आणि टपालखर्चावर असा दोन्हींवर मिळून आकारला जातो, हे मात्र बिल पाहिल्यावर कळले. सुमारे ४२ युरो आणि वर कुरिअर कंपनीचे हाताळणी शुल्क मी निमूटपणे भरले आणि संध्याकाळी रूळ पुसून ठेवले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा ई-मेल आला, की पार्सल अडवून ठेवले असून मालाचे वर्गीकरण आणि मूळ देश यांबाबत खुलासा हवा आहे. पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी जे भोगले, त्याचे मूळ विक्रेत्याने भरलेल्या अर्जातील दोन ओळींत होते. मालाचे वर्णन या रकान्यात त्या भल्या माणसाने ‘आयरिश डिझेल इंजिन, वर्ग ०७१’ असे लिहिले होते आणि मूळ देश या रकान्यात ‘आयर्लंड’. त्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण कंपनीतील कोणीतरी ते वर्णन शब्दशः घेऊन त्यावर ८६०२ हा सांकेतिक क्रमांक टाकला होता. सीमाशुल्काच्या वर्गवारीत ८६०२ म्हणजे खरीखुरी रेल्वे इंजिने. खेळणी आणि लहान प्रमाणातील मॉडेल यांच्यासाठी ९५०३ हा वेगळा क्रमांक आहे, आणि तो मी त्या तीन आठवड्यांत इतक्या वेळा उच्चारला, की आता झोपेतही सांगू शकेन.

फोनवर पहिल्यांदा पस्तीस मिनिटे संगीत ऐकल्यानंतर एका तरुणाने विचारले, की या इंजिनात इंधन आहे का? मी सांगितले, की ते २३ सेंटीमीटर लांब आहे. तो म्हणाला, की लांबीचा रकाना वेगळा आहे, प्रश्न इंधनाचा आहे. मी इंधन नसल्याचे लेखी कळवले. त्यावर तीन दिवसांनी दुसऱ्या विभागाने विचारले, की रेल्वे इंजिनाची किंमत १४० पौंड दाखवली आहे, ती इतकी कमी कशी, आणि खरेदीचा करारनामा कोठे आहे? मी पावती, बँकेचा उतारा आणि पट्टी शेजारी ठेवलेल्या मॉडेलचे विक्रेत्याने काढलेले छायाचित्र पाठवले. मग तिसरा विभाग उगवला. माल मूळचा आयर्लंडचा असेल, तर तो आयर्लंडबाहेर केव्हा गेला याचा निर्यातीचा पुरावा दिल्यास परत आलेला माल म्हणून सवलत मिळू शकेल, असे त्यांनी अतिशय सौजन्याने कळवले. मूळ इंजिन अमेरिकेचे, रंग आयरिश रेल्वेचा, मॉडेल चीनमध्ये तयार झालेले, ते विकणारा इंग्लंडचा आणि विकत घेणारा साताऱ्याचा, हे एका रकान्यात कसे बसवायचे, ते मला कोणी सांगेना. प्रत्येक उत्तरानंतर माझे प्रकरण रांगेच्या शेवटी जात होते, आणि रांगेचा शेवट कोठे आहे हे त्यांनाही माहीत नव्हते.

याच सुमारास बायको म्हणाली, “खरं इंजिन मागवलं असतंस, तर आतापर्यंत आलं असतं.” ती चेष्टेत बोलली, पण तिचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते. २०१ वर्गाचे पहिले इंजिन १९९४ साली कॅनडातून चक्क आंतोनोव्ह मालवाहू विमानात घालून डब्लिनला आणले होते. शंभर टनांहून जड असलेले ते धूड अटलांटिक ओलांडून आले, आणि माझे इंजिन गोदामातून दहा-बारा किलोमीटर पुढे सरकत नव्हते.

एकविसाव्या दिवशी मुदत संपल्याचे कारण देऊन पार्सल इंग्लंडला परत पाठवण्यात आले. तो संदेश मी फलाटावर वाचला आणि त्या दिवशी ऑफिसात कोणाशी धड बोललो नाही.

दुसऱ्या खेपेला मी विक्रेत्याला मजकूर अक्षरशः लिहून दिला: ‘लहान प्रमाणातील खेळण्यातील रेल्वे मॉडेल, प्लॅस्टिक आणि धातू, वापरलेले, मूळ देश चीन, क्रमांक ९५०३’. डिझेल आणि आयरिश हे दोन शब्द कोठेही येऊ द्यायचे नाहीत, असे बजावले. खोक्याच्या तळाशी चीनमध्ये बनवल्याची जी ओळ छापलेली होती, तिचे छायाचित्र पावतीसोबत आत आणि बाहेर अशा दोन्ही ठिकाणी लावायला सांगितले. पार्सल सहा दिवसांत दारात आले. या प्रकारची खरेदी करणाऱ्याने पैसे पाठवण्याआधीच हा मजकूर विक्रेत्याकडून कबूल करून घ्यावा, कारण अर्ज तो भरतो आणि निस्तरावे आपल्याला लागते. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. विक्रेता आणि वस्तू उत्तर आयर्लंडमध्ये असतील, तर सीमाशुल्काचे कागद लागतच नाहीत. बेलफास्टकडे दहा-वीस पौंड जास्त पडले तरी आता मी आधी तिकडेच पाहतो.

खोके उघडले, तेव्हा एका टोकाच्या दाराशेजारचा उभा दांडा निसटून फोममध्ये पडलेला होता. केसाहून थोडा जाड असलेला तो दांडा चिमट्याने उचलून भोकात बसवायला मला पाऊण तास लागला, पण त्या पाऊण तासात माझा सगळा राग उतरला. अशा मॉडेलला चाकांच्या सांगाड्याला धरून उचलू नये, मधल्या इंधनटाकीपाशी धरावे. सेकंडहँड इंजिन रुळावर ठेवण्यापूर्वी चाके आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावीत, कारण जुन्या तेलाचा थर बसला असेल तर ते अडखळते आणि आपण उगाच मोटरला दोष देतो. माझेही पहिल्या वळणावर दोनदा थांबले, पुसल्यावर थांबले नाही.

रुळांविषयी मात्र मनाची तयारी आधीच केलेली बरी. आयर्लंडचे रूळ १६०० मिलिमीटर रुंदीचे आहेत, म्हणजे आपल्याकडच्या ब्रॉडगेजहून ७६ मिलिमीटर कमी. १:७६ या प्रमाणात ती रुंदी २१ मिलिमीटर व्हायला हवी, पण बाजारात मिळणारे मॉडेल १६.५ मिलिमीटरच्या रुळांवर धावते. समोरून पाहिले की धिप्पाड इंजिन अरुंद पायांवर उभे असल्यासारखे दिसते. काही कसबी मंडळी चाके बदलून २१ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालतात. माझ्यात तेवढा धीर उरलेला नाही, आणि जो होता तो कोठे खर्च झाला ते वर लिहिलेच आहे.

पहिल्या खेपेला भरलेले ४२ युरो आणि हाताळणी शुल्क परत मिळावे, म्हणून केलेला अर्ज अजून त्या कंपनीकडेच आहे. त्यांच्या शेवटच्या पत्रात विचारले आहे, की सदर रेल्वे इंजिन देशाबाहेर गेल्याचा पुरावा माझ्याकडे आहे काय?