मीटरची एक फेरी

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आम्ही चौघांनी ट्रान्सफॉर्मर, म्हणजे विजेचे व्होल्ट कमी-जास्त करणारे यंत्र, गुंडाळायला घेतला, तेव्हा सरांनी एकच अट घातली. तो नुसता चालून भागणार नाही. आत किती वीज जाते आणि बाहेर किती येते, हा हिशेब तुम्हीच मांडायचा. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला आणि मला तो हिशेबच आठवला.

सांगलीत सामानाची अडचण नव्हती. उन्हाळ्यात उसाच्या पंपांच्या मोटारी जळत आणि गावभागातल्या रिवाइंडिंगच्या दुकानात त्यांची रांग लागे. तिथल्या मामांनी इनॅमलची तार वजनावर दिली, हाताने फिरवायचे मशीनही वापरू दिले. गाभ्यासाठी ई आणि आय आकाराच्या लोखंडी पट्ट्या भंगारातल्या रेडिओतून मिळाल्या.

सरांचे सूत्र असे: 50 हर्ट्झच्या विजेसाठी 45 ला गाभ्याच्या चौरस सेंटिमीटरांनी भागा, एका व्होल्टचे टर्न, म्हणजे तारेचे वेढे, निघतात. आमचा गाभा अडीच बाय अडीच, म्हणजे 6.25, भागाकार 7.2. म्हणून 230 व्होल्टला 1656 टर्न. 12 व्होल्टला 86 येतात, पण लोड दिला की व्होल्टेज उतरते म्हणून 90 घातले. पट्ट्या एक इकडून, एक तिकडून भरल्या. पहिल्यांदा वीज दिली ती सिरीजमध्ये 60 वॉटचा बल्ब ठेवून, आणि जोडणारे हात सरांचे. बल्ब उजळला नाही. आतले टर्न शॉर्ट नाहीत, याची ती खूण.

बाहेर काहीच न जोडता प्रायमरीचा, म्हणजे 230 व्होल्टच्या बाजूच्या गुंडाळीचा, प्रवाह मोजला: 60 मिलिॲम्पियर. गुणिले 230, म्हणजे जवळजवळ 14 वॉट. पण एवढी उष्णता त्या मूठभर लोखंडात खरोखर होत असती, तर थोड्या वेळात हात लावता आला नसता. ते जेमतेम कोमट होते. सरांनी फळ्यावर दोन लहरी काढल्या, व्होल्टेजची आणि तिच्या मागे रेंगाळणारी प्रवाहाची. लोखंडाला चुंबकत्व देण्यासाठी घेतलेली ऊर्जा बहुतेक सगळी परत जाते. दोन मीटरच्या आकड्यांचा गुणाकार ती परतफेड दाखवत नाही. पॉवर फॅक्टर, म्हणजे खरे वॉट त्या गुणाकाराच्या किती पट, मला कळला तो त्या फळ्यापुढे. पुढे इंजिनिअरिंगला तोच भाग सूत्रांनी शिकवला, पण इतका लख्ख नाही.

मग खरे वॉट मोजायचे कशाने? प्रयोगशाळेत लाकडी फळीवर तबकडीचा जुना घरगुती मीटर होता. त्या तबकडीला फिरवणारा जोर खऱ्या वॉटच्याच प्रमाणात असतो. मीटरवर लिहिले होते, एका युनिटला, म्हणजे 1000 वॉट-तासांना, 166⅔ फेऱ्या. म्हणजे एक फेरी 6 वॉट-तासांची, 21,600 ज्यूलची. बाहेरच्या बाजूला नायक्रोमचे, म्हणजे विजेने तापणाऱ्या तारेचे, वेटोळे 200 ग्रॅम पाण्यात सोडले आणि बीकरला फडके गुंडाळले. आमच्यातल्या एकाचा ठाम समज होता की व्होल्ट वाढवता येतात तर वीजही वाढवता येईल. सरांनी त्याला खोडले नाही, थर्मामीटर त्याच्याच हाती दिला.

तबकडीवरची खूण समोर आली, घड्याळ सुरू केले. एका फेरीला सुमारे 12 मिनिटे लागली. तेवढ्यात पाणी 26 वरून 44 अंशांवर गेले. 200 गुणिले 4.2 गुणिले 18, म्हणजे 15,120 ज्यूल. शंभरातले सत्तर हाती लागले होते. उरलेल्या तिसांचा शोध सरांनी आठवडाभर घ्यायला लावला: किती तांब्याच्या तारेत, किती लोखंडात, किती बीकरमधून हवेत. त्या शोधात वीज वाढवू पाहणारा तो मित्रच सगळ्यांत पुढे होता.

आजच्या इलेक्ट्रॉनिक मीटरला तबकडी नाही, पण त्यावरचा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती वेळा ते मीटरवरच छापलेले असते. त्यामुळे हा प्रयोग नववीच्या मुलांना आजही करता येईल. त्यासाठी तार, पट्ट्या आणि एक मीटर मी शाळेकडे पोहोचवतो आहे; 230 व्होल्टच्या जोडण्या मात्र शिक्षकांनीच कराव्यात.