अफरवतचे उतार आणि हिमस्खलन

हिवाळ्यात हिमालयात जाणाऱ्या मराठी भटक्यांची संख्या गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहे. केदारकंठा किंवा ब्रह्मताल करून आलेले काही जण पुढे गुलमर्गला स्कीइंग शिकतात आणि तिथून वरच्या अफरवत पर्वताच्या मोकळ्या उतारांकडे वळतात. ही ओढ मला मनापासून समजते. मात्र सह्याद्रीत अंगवळणी पडलेली मळलेल्या वाटेवर विसंबण्याची सवय तिथे घातक ठरते. बर्फाच्या उतारावरून दहा जण सुखरूप उतरले, म्हणून अकराव्याचे वजन खालच्या कमकुवत थरावर नेमके नको तिथे पडणार नाही, असे मुळीच नाही.

गुलमर्गचा गोंडोला, म्हणजे रोपवे, दुसऱ्या टप्प्यात माणसाला ३,९०० मीटरांच्या वर नेऊन सोडतो. तिथल्या ठरावीक भागावर हिमस्खलनाचा धोका पाहणाऱ्या गस्ती पथकाची नजर असते. त्या हद्दीबाहेर पाऊल टाकले की निर्णय आपला. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्याच हापतखुड भागात झालेल्या हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले. पुढच्या वर्षीचा जानेवारी काश्मीरमध्ये जवळजवळ कोरडा गेला, मग उशिरा जोरदार हिमवृष्टी झाली आणि २२ फेब्रुवारी २०२४ रोजी एका रशियन स्कीपटूचा हिमस्खलनात मृत्यू झाला.

कोरडी थंडी आणि त्यानंतरची हिमवृष्टी हा क्रम नीट समजून घ्यायला हवा. बर्फाचा थर पातळ असला आणि रात्री निरभ्र असल्या, तर जमिनीलगतचे तापमान शून्याच्या आसपास राहते आणि पृष्ठभाग मात्र कितीतरी अधिक थंड होतो. या फरकामुळे बाष्प वर सरकत राहते आणि तळाच्या बर्फाचे एकमेकांना न चिकटणारे टोकदार स्फटिक बनतात. त्यांवर नव्या बर्फाचा जाड, सलग थर बसला की धोका तयार होतो. फावड्याने जमिनीपर्यंत खड्डा खणून त्याच्या भिंतीत वरून खाली हात दाबत गेल्यास वरच्या थरात एक बोट कसेबसे शिरते, तर तळाशी अख्खी मूठ अलगद आत जाते. तिथला बर्फ हातमोज्यावर घेतला तर त्याचा गोळा वळत नाही. जाड साखरेसारखे दाणे घरंगळून जातात.

तरीही खड्डा फक्त त्या एका जागेची माहिती देतो. म्हणून माझा भर उताराच्या कोनावर आहे, कारण बर्फ रोज बदलतो आणि कोन जवळपास तसाच राहतो. सलग थर तुटून होणारी बहुतेक हिमस्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. नकाशावरील समोच्च रेषांवरून हा कोन आदल्या रात्रीच काढता येतो आणि प्रत्यक्ष जागेवर काठी बर्फावर आडवी ठेवून तिच्यावर मोबाइलचा कोनमापक टेकवला की खात्री करता येते. आपण सपाटीवर असलो, तरी डोक्यावरचा उतार कोणता हे पाहिलेच पाहिजे. घळीच्या तोंडाशी तर थांबूच नये, कारण तिथे थोडा बर्फही माणसाला खोल गाडतो.

पायाखालचा बर्फ ‘धप्प’ असा आवाज करत बसला किंवा त्यावर लांब भेगा धावल्या, तर आणखी पुराव्याची गरज नाही. तिथून मागे फिरावे.

गाडल्या गेलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या १० ते १५ मिनिटांनंतर झपाट्याने घटते. एवढ्या वेळात गावातून मदत पोहोचणे अवघड असल्यामुळे खरे बचावपथक म्हणजे सोबती. प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि धातूचे फावडे हवे, ते हाताळण्याचा सराव हवा आणि संशयास्पद उतार एकेकाने ओलांडायला हवा, म्हणजे शोधणारे वर शिल्लक राहतात.

पुण्या-मुंबईहून जाणाऱ्यांची खरी अडचण परतीच्या तिकिटाची असते. वादळ सरते, लख्ख ऊन पडते आणि सुट्टीचा शेवटचा दिवस उरलेला असतो. नेमके हेच हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात. त्यामुळे रजेचा अर्ज करतानाच दोन दिवस जादा मागावेत आणि त्या दिवसांसाठी गुलमर्गखालच्या तंगमर्गच्या बाजूच्या देवदार-पाइनच्या दाट रानातला, वर कोणताही उघडा उतार नसलेला सौम्य मार्ग आधीच ठरवून ठेवावा.