यवतेश्वर घाटाच्या तयारीला: पुन्हा पळायला लागल्यापासूनची नोंद

या वर्षी एकच गोष्ट ठरवली आहे. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट न चालता चढायचा आणि उतरताना मांड्या शाबूत ठेवून शहरात परत यायचं. वेळेचं उद्दिष्टही आहे, ते शेवटी लिहिते.

हा कोर्स ज्यांनी केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: स्पर्धा 2012 पासून होते, अंतर 21.0975 किमी. समर्थ मंदिर मागे पडलं की रस्ता कासच्या दिशेने घाट चढायला लागतो. वर जाऊन वळायचं आणि त्याच रस्त्याने खाली यायचं. पहिल्या अर्ध्यात छातीचा कस लागतो, दुसऱ्या अर्ध्यात मांड्यांचा. डोंगरावरच्या एकाच शर्यतीत सर्वाधिक धावपटू उतरवल्याबद्दल 2015 मध्ये या स्पर्धेची गिनीज बुकात नोंद झाली. माझ्यासाठी तिचं मोल वेगळं आहे. घराच्या गच्चीवरून जो घाट रोज दिसतो तो पळत चढायचा, याहून मोठं आकर्षण मला दुसऱ्या कुठल्या शर्यतीचं वाटत नाही.

मी पहिल्यांदा पळायला लागले ते 2016 साली. त्याच वर्षी आपल्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत पोचली. प्राथमिक फेरीत तिने 9 मिनिटं 19.76 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, अंतिम फेरीत दहावी आली. त्या दिवसांत साताऱ्यातल्या कितीतरी बायका पहाटे मैदानावर दिसायला लागल्या होत्या, त्यातलीच मी एक. पुढे 2020 मध्ये शर्यती बंद पडल्या, मग सासूबाईंचं आजारपण आलं आणि पळणं सुटलं.

आता पुन्हा सुरुवात केली ती शाहू स्टेडियमवर, हिवाळ्यात. दोन मिनिटं पळणं, दोन मिनिटं चालणं, एवढंच. पुन्हा सुरुवात करणाऱ्या सगळ्यांना मला जे सांगायचंय ते इथेच सांगते: दम लवकर परत येतो, पाय उशिरा येतात. नियमित पळायला लागलं की पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो आणि हृदय प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलायला लागतं. नंतरच्या काही आठवड्यांत स्नायूंची ऑक्सिजन वापरण्याची ताकदही वाढते. पण टाचेमागची शीर (म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा कंडरा), गुडघ्याखालचा बंध, नडगीचं हाड यांचा हिशेब वेगळा. अशा कंडरांना रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते मजबूत व्हायला महिने लागतात. ज्याने आयुष्यात पूर्वी पळून पाहिलंय त्याला जुना वेगही आठवत असतो. छाती म्हणते चल, मन म्हणतं चल, आणि टाच अजून तयारच नसते. परतलेले बहुतेक लोक दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात जायबंदी होतात ते याच दरीत, असं मला आजूबाजूला पाहून वाटतं.

म्हणून अंतर किती वाढवायचं ते श्वासाला विचारायचं नाही, असं ठरवलं. विचारायचं ते सकाळच्या पहिल्या पावलांना. अंथरुणातून उठून स्वयंपाकघरापर्यंत जाताना टाच आखडलेली वाटली तर त्या दिवशी फक्त चालणं. मोकळी वाटली तर ठरल्याप्रमाणे पळणं. घड्याळातल्या कुठल्याही आकड्यापेक्षा या एका खुणेने मला जास्त सांभाळलं.

जोडीला पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करायचा व्यायाम. तो दोन्ही पद्धतींनी करा: गुडघा सरळ ठेवून आणि गुडघा थोडा वाकवून. पोटरीत दोन मुख्य स्नायू असतात. गुडघा वाकवला की आतल्या, खोलवरच्या स्नायूवर जास्त काम येतं, आणि लांब अंतर पळताना जास्त भार तोच झेलतो. बरेच जण फक्त सरळ गुडघ्याने करतात आणि अर्धं काम राहून जातं. सुरुवातीला दोन्ही पायांवर, नंतर एका पायावर, मग पाठीवर सॅक घेऊन.

फेब्रुवारीपासून धाकटी जाऊ सोबत यायला लागली. आमचा रस्ता बोगद्याकडून खिंडीतल्या गणपतीपर्यंत आणि परत. तिला बोलायची हौस आणि मला ऐकायची, त्यामुळे वेग आपोआप बेताचा राहतो. इझी रनची, म्हणजे आरामात पळण्याची, याहून चांगली मोजपट्टी नाही: पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. मध्येच ती म्हणते, "ताई, आज नुसतं हं हं चाललंय तुमचं," की मी लगेच वेग कमी करते. सुरुवातीला आमचा पेस किलोमीटरला 9 मिनिटांच्या आसपास होता. मे महिन्याआधी तेवढ्याच गप्पा मारत 7 मिनिटं 50 सेकंदांवर आलो. या काळात जोरात पळणं जवळजवळ शून्य.

एप्रिल-मेविषयी फार लिहिण्यासारखं नाही. उन्हाळा होता, उजाडायच्या आत निघायचो, पेस मंदावला आणि तो मंदावू दिला.

खरा आनंद जूनपासून. पावसाची पहिली सर झाली आणि आम्ही घाटाला लागलो. घाटात पेस बघायचाच नाही, म्हणून घड्याळावर फक्त वेळ ठेवली. सपाटीवर ज्या श्वासाने पळता तोच श्वास चढावर राखायचा, वेग पडेल तेवढा पडू दे. पावलं छोटी आणि भरभर, कंबरेतून न वाकता घोट्यातून किंचित पुढे, नजर दहा-पंधरा पावलांवर. वळणावर आतल्या कडेला चढ सगळ्यात तीव्र असतो, बाहेरून गेलं तर थोडं अंतर वाढतं पण श्वास टिकतो. स्पर्धेत रस्ता मोकळा असतो तेव्हा हे करता येतं. एरवी आपली उजवी बाजू धरून समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असंच पळा, आणि शनिवार-रविवारी कासकडे जाणारी गर्दी सुरू व्हायच्या आत खाली या. धुक्यात चमकणारं जाकीट हवंच. रस्त्याच्या कडेला शेवाळ धरतं तिथे पाय टाकू नका, आणि जोराच्या पावसात दरडीच्या बाजूला थांबू नका.

थोडं थोडं करत वरपर्यंत सलग पळणं जमलं. मागे वळून पाहिलं तर अजिंक्यतारा आमच्या नजरेच्या पातळीत आला होता. जावेला बोलायला सुचेना, मलाही.

आता उताराचं. चढावर सगळे मेहनत घेतात, उताराचा सराव मात्र फार कमी जण करतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, त्यात स्नायूंच्या तंतूंची झीज जास्त होते, आणि दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचतं. पण याच स्नायूचा एक चांगला गुण आहे: एकदा बेताचा उतार पचवला की पुढचे काही आठवडे त्याच उताराचा त्रास बराच कमी होतो. म्हणून आधीपासून थोडा थोडा उतार द्यायचा. आम्ही एका आड एक रविवारी घाटाचा खालचा टप्पा सावकाश पळत उतरतो. पाऊल शरीराच्या खाली पडलं पाहिजे, पुढे टाच रोवून ब्रेक मारायचा नाही. पहिल्यांदा उतरल्यावर जिना उतरताना कठडा धरावा लागला होता, आता त्याच संध्याकाळी भाजी आणायला चालत जाते.

खाण्यात फार प्रयोग नाहीत. निघण्याआधी केळं, आल्यावर नाचणीची आंबील, मीठ घालून. पावसाळ्यात हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि तहान लागत नाही म्हणून पाणीही कमी प्यायलं जातं. त्यामुळे लांब पळताना मी घोट घोट पाणी ठरवून पिते. बूट भिजले की आत वर्तमानपत्र कोंबून ठेवायचे, उन्हाची वाट बघायची नाही.

सध्याची स्थिती अशी: लाँग रन 16 किमीवर आला आहे, त्यात घाटाचा पूर्ण चढ-उतार. पुढे एक 18 किमीचा, एक हलका आठवडा, मग शेवटचा लांब रन कोर्सवर, आणि नंतर स्पर्धेपर्यंत अंतर कमी करत न्यायचं. उतारावरचा शेवटचा मोठा सराव स्पर्धेच्या किमान दोन आठवडे आधी उरकणार. उद्दिष्ट 2 तास 50 मिनिटं. चढायला 1 तास 32 आणि उतरायला 1 तास 18, असा हिशेब मनाशी धरलाय. ज्यांनी हा कोर्स आधी केलाय त्यांना विचारायचं आहे: घाट संपून शहरात शिरल्यावर जो सपाट भाग लागतो तिथे पाय कसे वागतात? उतारावरून एकदम सपाटीला आल्यावर लय राखायला काही वेगळा सराव केला होता का? ते कळलं तर शेवटचे काही रन त्याप्रमाणे बदलीन.